फाटकाआडची हिरवळ

गोल्फची काठी मी कधी हाती धरलेली नाही. आमचे खेळ विटीदांडू नि खो-खो. पण जमिनीचा इतिहास धुंडाळण्याचा मला जुना नाद. त्यापायी मी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतूनच, बरे का!

तिथले ‘ऑगस्टा नॅशनल’ हे खाजगी मैदान जगप्रसिद्ध आहे. मुळात जागा ३६५ एकरांची. पूर्वी तिथे नीळ पिके. पुढे बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स घराण्याने फळाफुलांच्या रोपांची मोठी वाडी उभारली. म्हणून आजही तिथल्या अठरा खळग्यांना झाडाफुलांची नावे आहेत : मॅग्नोलिया, कॅमेलिया, पिवळी जाई.

१९३० साली बॉबी जोन्स या वकील खेळाडूने एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती घेतली. ही वाडी त्याच्या मनात भरली. आखणीला त्याने डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांना सोबत घेतले. डॉक्टर मूळचे वैद्यकीतले. बोअर युद्धात बोअर सैनिक आपले खंदक जमिनीत कसे बेमालूम लपवतात, हे त्यांनी पाहिले होते. माणसाचे काम निसर्गाचेच वाटावे, हा धडा त्यांनी तिथून उचलला.

दोघांनी मैदान आखले ते मोठ्या मनाने. वाटा रुंद ठेवल्या, वाळूचे खड्डे मोजकेच खणले. नवशिक्याला खेळताना आनंद व्हावा, कसलेल्याला मात्र डोके चालवावे लागावे. चेंडू कुठेही पडला तरी चालतो. पण चुकीच्या बाजूला पडला, की उतरत्या हिरवळीवरचा पुढचा फटका अवघड! तेराव्या खळग्यापुढे ओढा आहे. एका झेपेत पार करायचा, की अलीकडे थांबायचे? निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. १९३४ साली पहिली स्पर्धा झाली. पण ती पाहायला डॉक्टर उरले नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले.

आता गंमत पाहा. ज्या मैदानाचा आदर्श या दोघांपुढे होता, ते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान सार्वजनिक आहे. रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो आणि गावकरी हिरवळीवर खुशाल फिरतात. ऑगस्टाने गुरूची जमीन घेतली, रविवार मात्र घेतला नाही. तिथे अर्ज करून सभासद होता येत नाही. आमंत्रणच यावे लागते. १९८२ पर्यंत स्पर्धकांच्या पिशव्या क्लबचेच हमाल वाहत, आणि ते कृष्णवर्णीय असत. त्या हिरवळीचा चढउतार त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? तरी स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ साली. पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला १९९० साली. आणि पहिल्या दोन स्त्रिया आल्या त्या २०१२ साली.

रुंद वाट आखायला दोन माणसांना दोन-तीन वर्षे पुरली. फाटक किलकिले व्हायला मात्र अर्धे शतक नि वर आणखी काही वर्षे लागली. माझ्या वर्गातील मुलांना हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवणार आहे.