कुत्र्याला फिरवताना मोकाट टोळी आडवी आली तर...

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. नारपोलीच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट अजून ऐकू येत असतो आणि जुन्या ठाणे रस्त्याकडून मालमोटारींची घरघर सुरू झालेली असते. हातात पट्टा आणि पट्ट्याला घरचा लाडका कुत्रा, असा एखादा रहिवासी फेरफटक्याला निघतो. गल्लीच्या तोंडाशी वळताच गोदामाच्या फाटकाखालून एक अनोळखी कुत्रा बाहेर येतो. त्याच्यामागून दुसरा येतो, मग तिसरा. पाहता पाहता पाच-सहा कुत्र्यांचे कोंडाळे जमते. घरचा कुत्रा भुंकू लागतो, पट्टा ताणला जातो आणि मालकाचे हातपाय गळतात.

अशा वेळी काय करावे, हे आयत्या वेळी सुचत नाही. ते आधीच ठाऊक असावे लागते. चुकीचे पाऊल पडले तर लाडक्या प्राण्याला इजा होतेच, शिवाय त्याला सोडविण्यासाठी पुढे गेलेला मालकाचा हात बहुधा सर्वांत आधी चावला जातो. आणि कुत्र्याच्या चाव्यामागे रेबीजसारख्या, एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ हमखास प्राणघातक ठरणाऱ्या रोगाची छाया असते.

टोळ्या का जमतात?

भिवंडी हे यंत्रमागांचे आणि गोदामांचे शहर. कामगारांच्या खानावळी, मटण-चिकनची दुकाने, उघड्यावर पडणारा कचरा यांमुळे मोकाट कुत्र्यांना बारमाही अन्न मिळते. गोदामांचे रखवालदार रात्रीच्या सोबतीसाठी दोन-चार कुत्र्यांना भाकरतुकडा घालतात. ते कुत्रे मग त्या आवाराला आपले मानू लागतात. जिथे अन्न आणि आसरा, तिथे हद्द. आपण ज्याला सार्वजनिक रस्ता समजतो, तो त्यांच्या लेखी राखणीचा मुलूख असतो. एकट्या पादचाऱ्याकडे ते एरवी दुर्लक्ष करतात. त्याच्यासोबत परका कुत्रा दिसला, की मात्र त्यांना ते अतिक्रमण वाटते. म्हणजे अशा प्रसंगी टोळीचे लक्ष्य बहुतेकदा माणूस नसून त्याच्यासोबतचा कुत्रा असतो. पुढचे सारे उपाय ही गोष्ट ध्यानात ठेवूनच करायचे आहेत.

ऋतूचाही परिणाम असतो. भाद्रपदाच्या सुमारास मोकाट कुत्र्यांचा माजाचा काळ येतो आणि नरांच्या झुंडी एका मादीमागे हिंडतात. या काळात ते एकमेकांवर आणि परक्या कुत्र्यावर चटकन तुटून पडतात. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने हिवाळ्यात जागोजागी पिल्ले दिसू लागतात. पिल्लांची आई एरवी कितीही गरीब असली, तरी या दिवसांत तिच्या वाटेला जाऊ नये. घरची मादी माजावर असेल, तर तिला त्या दिवसांत मोकाट कुत्र्यांच्या भागातून फिरविणे टाळावे.

घराबाहेर पडण्यापूर्वी

पहिली तयारी लसीकरणाची. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस, त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे वर्धक मात्रा आणि पुढे नियमित लस दिली पाहिजे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसीही तितक्याच आवश्यक आहेत. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. चाव्याच्या प्रसंगी पशुवैद्य पहिल्यांदा तेच मागतात.

पट्टा चार ते सहा फुटांचा, मजबूत आणि ठरावीक लांबीचा असावा. आपोआप लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा गर्दीच्या वस्तीत उपयोगाचा नाही. कुत्रा पंधरा फुटांवर पोहोचतो आणि आयत्या वेळी तो मागे खेचता येत नाही. पट्टा मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने जोराचा हिसका दिला, तर मालक तोंडघशी पडतो किंवा हात मोडून घेतो. गळपट्टा मान वाकवून निसटता येईल इतका सैल नसावा. लहान मुलांच्या हाती कुत्रा सोपवून त्यांना एकटे रस्त्यावर पाठवू नये.

सोबत छत्री, पाण्याची बाटली आणि खिशात मूठभर बिस्किटे असावीत. अंधाराच्या वेळी विजेरीही घ्यावी. काठी घेतल्यास ती अंतर राखण्यासाठी आहे, मारण्यासाठी नव्हे, हे विसरू नये. कानात गाणी ऐकत किंवा मोबाइलवर बोलत कुत्र्याला फिरवणे ही स्वतःहून संकटाला दिलेली हाक आहे.

वाटेची निवडही महत्त्वाची. आपल्या परिसरात कुत्रे कोठे बसतात, त्यांना कोण व किती वाजता खाऊ घालतो, कचराकुंडी कोठे आहे, हे एक-दोन दिवस एकट्याने फिरून पाहून घ्यावे. खाण्याच्या वेळी आणि खाण्याच्या जागी कुत्रे अधिक आक्रमक असतात. चार पावले अधिक चालावी लागली तरी चालेल, पण तो टापू टाळावा.

कुत्र्याची भाषा

लांबून भुंकणारा प्रत्येक कुत्रा चावायला आलेला नसतो. बहुतेक वेळा तो फक्त 'येथून पुढे येऊ नका' असे बजावत असतो. अधिक सावध व्हावे ते गप्प राहून, अंग ताठ करून, डोळे रोखून पुढे सरकणाऱ्या कुत्र्यापासून. पाठीवरचे केस उभे राहणे, शेपूट ताठ वर धरून सावकाश हलविणे, ओठ मागे ओढून दात दाखविणे आणि खोल गुरगुर ही हल्ल्याची पूर्वसूचना असते. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समज नेहमीच खरा नसतो. याउलट सैल अंग, पुढचे पाय पसरून खाली वाकणे, बाजूला मान वळविणे किंवा जमीन हुंगू लागणे ही मैत्रीची अथवा तणाव टाळण्याची चिन्हे होत. नॉर्वेतील श्वानप्रशिक्षक तुरीद रुगास यांनी तणाव निवळविणाऱ्या अशा खुणांचे तपशीलवार वर्णन केले असून जगभरचे प्रशिक्षक त्यांचा आधार घेतात.

झोकांड्या खात चालणारा, तोंडातून लाळ गळणारा, खालचा जबडा लोंबत असलेला, आवाज बदललेला किंवा दिसेल त्या वस्तूला चावत सुटलेला कुत्रा पिसाळलेला असू शकतो. त्याच्यापाशी कोणताही प्रयोग न करता दूर व्हावे आणि महापालिकेला कळवावे.

टोळी समोर आली तर

सर्वप्रथम थांबावे. पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे आणि पळताना माणूस पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये अहमदाबादेतील वाघ बकरी चहा समूहाचे कार्यकारी संचालक पराग देसाई यांचा मृत्यू झाला. कुत्रे मागे लागल्याने ते पडले आणि डोक्याला मार बसला, अशी माहिती त्या वेळी पुढे आली होती. त्यांच्या अंगावर चाव्याच्या खुणा नव्हत्या. घात केला तो पडण्याने.

थांबल्यावर आपला कुत्रा पायाशी जवळ घ्यावा, पण पट्टा करकचून ताणू नये. ताणलेल्या पट्ट्यातून मालकाची भीती कुत्र्यापर्यंत पोहोचते आणि तो अधिकच चवताळतो. समोरच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. अंग किंचित तिरके करून, त्यांच्याकडे पूर्ण पाठ न फिरवता आल्या वाटेने सावकाश मागे सरावे. वाटेत उभी असलेली मोटार, रिक्षा, हातगाडी यांची आडोशासाठी मदत घ्यावी. एखाद्या इमारतीचे फाटक किंवा उघडे दुकान दिसल्यास आत शिरावे.

एखादा कुत्रा तरीही पुढे आला, तर खणखणीत आवाजात 'हट्' म्हणावे. किंचाळू नये; किंचाळण्याने कुत्रे अधिक उत्तेजित होतात. दगड उचलण्यासाठी वाकल्याचा आविर्भाव केला, की एकटा मोकाट कुत्रा पुष्कळदा मागे हटतो. प्रत्यक्ष दगड मारला, तर मात्र सारी टोळी बिथरण्याची भीती असते. मुठीतली बिस्किटे टोळीच्या मागच्या बाजूला लांब भिरकावावीत. कुत्रे तिकडे वळले, की निघून जावे. छत्री एकदम त्यांच्या दिशेने उघडल्यास मध्ये भिंत उभी राहिल्यासारखे होते. घरचा कुत्रा मात्र छत्रीला आधीच सरावलेला हवा, नाहीतर पहिल्यांदा तोच बिथरेल.

लहान कुत्र्याला उचलून घ्यावे का, हा नेहमीचा प्रश्न. उचलल्याने टोळी त्याला पकडण्यासाठी अंगावर उड्या घेते आणि मालकाचा चेहरा व हात चाव्याच्या टप्प्यात येतात. म्हणून जवळ मोटारीचे टप, उंच कठडा किंवा बंद फाटक असेल, तर कुत्रा तेथे सुरक्षित ठेवता येईल इतपतच उचलावे.

झुंज जुंपलीच तर

दोन कुत्र्यांच्या तोंडामध्ये हात कधीही घालू नये. त्या क्षणी आपला कुत्राही मालकाला ओळखत नाही आणि चावतो. तोंडावर पाण्याचा जोरदार मारा करणे, मधे पोते किंवा चादर टाकणे, पत्र्यावर अथवा शटरवर काठी आपटून मोठा आवाज करणे, हे उपाय करून पाहावेत. आजूबाजूच्यांना हाक मारावी. पट्टा सोडून कुत्र्याला पळू द्यावे, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. अंजूरफाट्याकडे धावणाऱ्या अवजड वाहनांचा विचार करता तो येथे धोक्याचाच. बंद आवारातच त्याचा विचार करावा.

आपण स्वतः खाली पडल्यास अंगाचे मुटकुळे करून, दोन्ही हातांनी मान व कान झाकून निश्चल पडून राहावे.

चावा बसल्यास

जखम लहान असो वा मोठी, ती तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. रेबीजचे विषाणू लाळेतून जखमेत शिरतात आणि या धुण्यानेच त्यांतले पुष्कळसे निघून जातात. हळद, तिखट, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर जंतुनाशक लावून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे.

पोटात १४ इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. आता लस दंडात दिली जाते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ० (पहिली मात्रा), ३, ७ व २८ व्या दिवशी, तर स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी मात्रा असतात. रक्त आलेल्या जखमेत लसीसोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेच्या आसपास द्यावे लागते. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्यांना सहसा दोनच मात्रा पुरतात, म्हणून जुने कागद जपावेत. मात्रा मध्येच सोडू नयेत.

घरच्या कुत्र्याला चावा बसला असेल, तर हातमोजे घालून त्याची जखम धुवावी आणि त्याला पशुवैद्याकडे न्यावे. पूर्वी लस दिलेली असली तरी वर्धक मात्रा लागतेच. दाट केसांखालची छोटी छिद्रेही खोल असू शकतात.

कायदा काय सांगतो?

मोकाट कुत्र्यांचा वाद आजचा नाही. इंग्रज सरकारने मुंबईत कुत्रे मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोकाट कुत्रे होते. त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार स्थानिक संस्थेची, म्हणजे येथे भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेची जबाबदारी आहे. कानाला खाच असलेला कुत्रा निर्बीजीकरण झालेला समजावा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडावेत, मात्र पिसाळलेले व आक्रमक कुत्रे सोडू नयेत, तसेच खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे म्हटले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बस आगार, रेल्वे स्थानके अशा आवारांतून कुत्रे हलविण्यास सांगितले.

मोकाट कुत्र्याला विष घालणे अथवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. पाळीव कुत्र्याच्या मालकालाही कायदा मोकळा सोडत नाही. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पट्टा न लावता कुत्रा रस्त्यावर सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दुसऱ्याच्या दृष्टीने तोही एक अनोळखी मोकळा कुत्राच असतो.

ध्यानात ठेवा

- पट्टा आखूड, पण सैल. मनगटाला गुंडाळू नका.
- टोळी दिसताच थांबा, वाट बदला. पळू नका, दगड मारू नका.
- बिस्किटे लांब फेका. छत्री, मोटार, फाटक यांचा आडोसा घ्या.
- झुंजीत हात घालू नका.
- चावा बसल्यास १५ मिनिटे साबण-पाणी आणि त्याच दिवशी लस.
- एकच टोळी वारंवार अंगावर येत असेल, तर ठिकाण व वेळ नमूद करून महापालिकेकडे लेखी तक्रार द्या.

गल्लीतले कुत्रे एका दिवसात कोठे जाणार नाहीत आणि घरच्या कुत्र्याचे फिरणेही थांबविता येणार नाही. सकाळच्या त्या अर्ध्या तासात कुत्र्याचा सारा भरवसा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकावर असतो. ते टोक धरणाऱ्या हाताला काय करायचे हे ठाऊक असले, म्हणजे निम्मे संकट टळते.