घाशीराम कोतवाल : शिक्षा कशाची झाली?

घाशीराम कोतवाल म्हटले की तेंडुलकरांचे १९७२ चे नाटक आठवते. पण मोरोबा कान्होबांनी १८६३ मध्येच त्याच्यावर कादंबरी लिहिली होती. माणूस मात्र खरा.

उत्तरेतून आलेला हा ब्राह्मण नाना फडणिसांच्या मर्जीने १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला. शहराचा बंदोबस्त, चौक्या, दंडवसुली सारे त्याच्या हाती. पकडणारा तोच, दंड घेणाराही तोच. अशा जागी लाच आणि जुलूम यांना वाट मिळणारच. तक्रारी होत्या, तरी चौदा वर्षे त्याला धक्का लागला नाही.

ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या बागेतील फळे तोडल्यावरून दक्षिणेकडचे ब्राह्मण पकडून एका कोंदट खोलीत डांबले गेले. मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडविले, तेव्हा वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते. ब्रह्मवृंद खवळला. अखेर नानांनी त्याला जमावाच्या हवाली केले आणि ३१ ऑगस्टला तो दगडांच्या माऱ्यात मेला.

शिक्षा झाली ती या मृत्यूंची. चौदा वर्षांच्या वसुलीचा हिशेब त्या दगडांनी चुकता झाला नाही. ज्यांच्या मर्जीवर तो वाढला, ते नाना कारभारी राहिलेच. कोतवालीही चालूच राहिली.