शिसं, चरबी आणि चिंधी

१८५७च्या काडतुसांना कोणती चरबी लावली होती, यावर आपण शाळेपासून बोलत आलो. काडतुसाला मुळात चरबी लागतेच कशाला, हे मात्र वर्गात कुणी सांगत नाही. एनफिल्ड ही ठासणीची रायफल. तिच्या नळीत पिळाचे आटे कोरलेले असत आणि त्यांतून मऊ शिशाची गोळी जाई. दोन-चार बार झाले की नळीत काजळी साचे, आट्यांना शिसं चिकटे आणि पुढची गोळी गजाने ठासता ठासेना. ती सुळकन आत जावी आणि नळी शिशाने माखू नये, म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या कागदाला वंगण. जानेवारी १८५७मध्ये दमदमच्या छावणीत त्या वंगणावरून कुजबुज सुरू झाली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

रिव्हॉल्व्हरच्या नळीतलं शिसं खरवडणं हा आज परवानाधारकांचा आणि नेमबाजांचा कंटाळवाणा उद्योग. पण त्याचं कूळ या वंगणाच्याही मागे जातं.

बिनआट्यांच्या जुन्या बंदुकीत गोळी नळीहून बारीक असे, सैलसर जाई, म्हणून शिशाचा उपद्रव बेताचा. सोळाव्या शतकात जर्मन मुलखातल्या कारागिरांनी नळीत आटे पाडायला घेतले, तेव्हा गोळी आट्यांना घट्ट धरून फिरणं गरजेचं झालं आणि दुखणं सुरू झालं. त्यावरचा जुना तोडगा म्हणजे तेलात किंवा चरबीत भिजवलेली चिंधी, कुठे पातळ कातडं. गोळी त्यात गुंडाळून ठासायची. आटे चिंधीला पकडतात, चिंधी गोळीला फिरवते, शिसं पोलादाला शिवतच नाही. माझ्या मते नंतरच्या पाचशे वर्षांत याहून शहाणी युक्ती निघालेली नाही. ती मागे पडली ती केवळ सैनिकाला घाई असते म्हणून. १८४९च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिएने पोकळ बुडाची गोळी आणली. ठासताना सैल जाणारी ही गोळी बार होताच बुडाशी फुगून आट्यांत बसे. चिंधी गेली, चरबी राहिली.

रिव्हॉल्व्हरचं दुखणं याहून एक पायरी पुढचं. सॅम्युएल कोल्टने १८३६मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते फिरत्या सिलिंडरचं, आणि तिथेच शिशाला नवी फट मिळाली. रायफलीत गोळी एकाच नळीतून जाते. इथे ती सिलिंडरच्या घरातून निघते, बारीकशी मोकळी जागा ओलांडते आणि नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या शंकूवर आदळून आट्यांत शिरते. त्या फटीतून वायू फुसकन बाहेर पडतो, गोळीच्या कडा खरडल्या जातात. म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये शिसं सर्वांत जास्त साठतं ते त्या शंकूत आणि नळीच्या पहिल्या इंचभरात.

पितळी काडतुसं आली तेव्हा वंगण गोळीच्या उघड्या अंगाला असे. खिशातली धूळ आणि वाळू त्याला चिकटायची आणि नळीत जाऊन घासायची. १८७०च्या सुमारास रशियन सरकारने स्मिथ अँड वेसनकडून रिव्हॉल्व्हर घेताना गोळीचं वंगण काडतुसाच्या आत झाकलेलं असावं असा आग्रह धरला. रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या गोळीचं रूप आजही बहुधा तेच आहे: कमरेला खोबणी, खोबणीत मेण-चरबी. जुन्या पद्धतीतलं उरलंय ते पॉइंट टू-टू. एनसीसीच्या फायरिंगला ज्यांनी ते छोटं काडतूस हाताळलंय, त्यांना बोटाला लागणारा मेणचटपणा आठवेल. नंतर पुल-थ्रूच्या दोरीत चार बाय दोनची चिंधी अडकवून नळीतून ओढायची, हेही आठवेल. गोळीभोवतीची चिंधी ती हीच, फक्त कामाची वेळ बदललेली.

१८८२मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने गोळीला तांब्याचं कवच चढवलं आणि दोनच वर्षांत फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूर न करणारी दारू काढली. रायफलवाल्यांचा शिशाशी संबंध जवळपास संपला. तिथे आता कवचाच्या धातूचा थर काढायचा होता. १९०३मध्ये फ्रँक हॉपेने फिलाडेल्फियात ‘नंबर नाइन’ हे द्रावण तयार केलं. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि अमेरिकी नेमबाज त्या वासावर कवितासुद्धा करतील. दारूची घाण ते छान काढतं, पण नळीला घट्ट चिकटलेलं शिसं अशा द्रावणात विरघळून जात नाही. ते थोडं सैल पडतं, एवढंच. उरलेलं मनगटानेच काढावं लागतं.

रिव्हॉल्व्हर मंद चालीचं हत्यार, म्हणून ते शिशालाच धरून राहिलं. मग १९३५मध्ये पॉइंट थ्री-फाइव्ह-सेव्हन मॅग्नम आलं. १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १० ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला १,५०० फुटांच्या आसपास पळू लागली आणि नळ्या अशा माखल्या की पितळेच्या पातेल्याला कल्हई करावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवायची युक्ती निघाली होती. १९५५-५६मध्ये पॉइंट फोर-फोर मॅग्नम आलं तेव्हा रेमिंग्टनने सुरुवातीच्या गोळ्यांना ती टोपी घालूनच दिली.

इथे एक समजूत खोडायला हवी. कडक शिसं घेतलं की नळी माखत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. कथील आणि अँटिमनी मिसळून शिसं कडक होतं खरं, पण कमी दाबाच्या काडतुसात अतिकडक गोळी फुगून आटे भरत नाही. कडेने गरम वायू सुटतो, गोळीचं अंग कापत जातो आणि तेच शिसं पुढे पोलादावर बसतं. महत्त्व मापाला आहे. पॉइंट थ्री-एटच्या नळीत आट्यांच्या खोलातला व्यास ०.३५७ इंच असतो; शिशाची गोळी ०.३५८ची घेतात. फरक इंचाचा हजारावा भाग, केसाहून बारीक. सिलिंडरची तोंडं याहून अरुंद असतील तर चांगली गोळीही तिथेच सोलून निघते. डाग कुठे पडलाय ते पाहावं: शंकूपाशी असेल तर मापात खोट, नळीच्या पुढच्या टोकाला असेल तर वंगण वाटेत संपलं.

काढायचे उपाय वेडेवाकडे झाले. जुने नेमबाज नळीचं तोंड बंद करून आत पारा ओतत. पाऱ्यात शिसं विरतं, वाफा मात्र माणसाच्या अंगात जातात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रणही शिसं खातं, पण त्यातून तयार होतं ते विषारी लेड अ‍ॅसिटेट, आणि पोलादावरचा निळा मुलामाही जातो. कवचाच्या चार गोळ्या झाडून शिसं बाहेर काढणारेही आहेत. त्या अर्धं शिसं दाबून आणखी घट्ट बसवतात. खरं चाललं ते लुइस नावाचं साधं अवजार: गजाच्या टोकाला रबराची गुंडी, तिच्यावर पितळेच्या जाळीचा गोल तुकडा, आणि नळीतून जोर लावून ओढ. शंकूसाठी त्याचंच निमुळतं डोकं मिळतं. ते नसेल तर जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळतात. पितळ आणि तांबं शिशाहून कडक, पोलादाहून मऊ, म्हणून आट्यांना ओरखडा पडत नाही. स्वयंपाकघरातली स्टीलची घासणी यासाठी मुळीच वापरू नये, आणि तांब्याचा मुलामा दिलेली कोणती हे चुंबकाने कळतं.

काम सुरू करण्याआधी सिलिंडरची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करा. खिडकी उघडी ठेवा, काळ्या चिंध्या पिशवीत बांधून ठेवा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. शिसं नळीपेक्षा माणसाला जास्त घट्ट चिकटतं.