पस्तीस दिवसांचे राष्ट्रपती

शाळेत आम्हाला राष्ट्रपतींची नावं क्रमानं पाठ करावी लागत. राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, फक्रुद्दीन अली अहमद. झाकीर हुसेन म्हटलं की बाकावरचा एखादा मुलगा माझ्याकडे वळून हळूच म्हणे, ‘तुमचे.’ त्यात वाईट हेतू नसे. पुढे कॉलेजात आणि कविसंमेलनांतही हा शब्द मी ऐकला, अजूनही ऐकतो. कौतुकानंच म्हणतात, ‘तुमचे झाकीर हुसेन काय विद्वान माणूस होते!’ मी हसून मान हलवतो. पण मनात येतं, की राष्ट्रपती कुणाचे असतात, हे ठरवताना आपल्या राज्यघटनेनं नेमका कोणता शब्द वापरलाय?

मी बी.ए. झालेला माणूस, वकील नव्हे. तरीही घटनेतलं ५८ वं कलम मी कुतूहलानं वाचलं. राष्ट्रपती होण्यासाठी माणूस भारताचा नागरिक असावा, त्याला पस्तीस वर्षं पूर्ण झालेली असावीत, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता त्याच्याकडे असावी आणि सरकारात त्याचं लाभाचं पद नसावं. संपलं! शिक्षणाची अट नाही, धर्माची नाही, जातीची नाही. उपराष्ट्रपतींनाही जवळजवळ हेच लागू. फक्त तिथे लोकसभेऐवजी राज्यसभेची पात्रता, कारण ते राज्यसभेचे सभापती असतात. शपथेतही दोन वाटा ठेवल्या आहेत. हवं तर ईश्वराला साक्ष ठेवा, नाहीतर नुसतं गांभीर्यानं वचन द्या. शेजारच्या पाकिस्तानच्या घटनेत राष्ट्राध्यक्ष मुसलमानच हवा, असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे ती रकानाच नाही, म्हणजे ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ लिहायला जागाच ठेवलेली नाही.

आता कुणी म्हणेल, शोभेच्या पदासाठी एवढी चर्चा कशाला? खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत राष्ट्रपतींची तुलना इंग्लंडच्या राजाशी केली होती. राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्यानं जाहीर होतात, त्या शिक्क्यावरचं चिन्ह म्हणजे राष्ट्रपती, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मान्य. पण शिक्काच हरवला तर? विधेयकाचा कायदा होत नाही, अध्यादेश निघत नाही, पंतप्रधानाला शपथ देता येत नाही. म्हणून ही खुर्ची एक दिवससुद्धा मोकळी राहून चालत नाही. आणि १९६९ च्या उन्हाळ्यात ती मोकळी राहण्याची वेळ आली होती.

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन राष्ट्रपती भवनातच वारले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. जामिया मिलियाच्या आवारात, जी संस्था त्यांनी आयुष्य वेचून उभी केली, तिथेच त्यांना दफन केलं. त्याच दिवशी उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. इथवर सगळं घटनेबरहुकूम.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेत अध्यक्ष गेला की उपाध्यक्ष उरलेल्या मुदतीसाठी पूर्ण अध्यक्ष होतो. आपल्याकडे तसं नाही. आपला उपराष्ट्रपती फक्त नवा राष्ट्रपती निवडून येईपर्यंत गादी सांभाळतो, आणि ही निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावीच लागते. नव्या माणसाला उरलीसुरली नव्हे, पूर्ण पाच वर्षं मिळतात. गादी सांभाळण्याच्या काळात उपराष्ट्रपतींना राज्यसभेच्या सभापतीच्या खुर्चीत बसता येत नाही, पगार मात्र राष्ट्रपतींचा मिळतो. आपले राष्ट्रपती दर खेपेला २५ जुलैलाच शपथ का घेतात, याचंही उत्तर इथेच आहे. आधी हा दिवस १३ मे होता. झाकीर हुसेन गेल्यामुळे तो २४ ऑगस्टवर गेला. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद पदावर असतानाच गेले, तेव्हा तो २५ जुलैवर आला. त्यानंतर सगळ्यांनी मुदत पुरी केली, म्हणून तारीख टिकली.

तर, गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि लगेच प्रश्न पुढे आला: यांनाही काही झालं, किंवा यांनी राजीनामा दिला, तर? घटनेत तिसऱ्या माणसाचं नावच नव्हतं. ७० व्या कलमात एवढंच म्हटलं होतं, की अशा प्रसंगी काय करायचं ते संसदेनं ठरवावं. एकोणीस वर्षं संसदेला ते ठरवावंसं वाटलं नव्हतं. आपल्याकडे छप्पर गळायला लागल्यावरच कौलं शाकारतात! २८ मे १९६९ चा एक छोटासा कायदा आहे. दोन्ही पदं रिकामी झाली तर सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचं काम पाहावं, तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातल्या हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींनी, असं त्यात लिहिलं आहे.

कायदा झाला आणि दोन महिन्यांच्या आत तो लागूही झाला. काँग्रेसनं राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते मनातून मान्य नव्हतं. गिरींनी अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं. खरं म्हणजे लढण्यासाठी पद सोडायची कायद्यानं गरज नव्हती. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री ही पदं या निवडणुकीपुरती लाभाची पदं मानत नाहीत. पण राष्ट्रपती भवनात बसून राष्ट्रपतिपदाची मतं कशी मागायची? १९ जुलैला त्यांनी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. यातही एक गंमत आहे. घटना म्हणते, उपराष्ट्रपतीनं राजीनामा राष्ट्रपतीकडे द्यावा. इथे राष्ट्रपतीचं काम पाहणारा आणि उपराष्ट्रपती हे एकच गृहस्थ होते!

२० जुलै १९६९. रविवार. सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडली तेव्हा माणूस चंद्रावर चालत होता, त्यामुळे जगाचं लक्ष दिल्लीकडे असण्याचं कारणच नव्हतं.

हा माणूस आपल्या नागपूरचा, असं म्हटलं तर चूक होणार नाही. जन्म लखनौचा, शाळा रायपूरची, पण कॉलेज नागपूरचं मॉरिस कॉलेज. केंब्रिजहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर वकिली नागपूरलाच. तिथेच सरकारचे महाधिवक्ता, तिथेच न्यायमूर्ती आणि १९५४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. वडील विलायतुल्ला उर्दूत शायरी करत. मला या तपशिलाचं अंमळ जास्तच अप्रूप वाटतं, ते समजून घ्यावं. पत्नी पुष्पा शहा, हिंदू घरातल्या. १९६८ साली ते सरन्यायाधीश झाले, तेव्हा राष्ट्रपती झाकीर हुसेन होते. म्हणजे राष्ट्रप्रमुख आणि न्यायप्रमुख, दोघेही मुसलमान. त्या वेळी यावर कुणाची मती कुंठित झाली नव्हती, हे आज आठवून पाहावंसं वाटतं.

पस्तीस दिवस त्यांनी हे काम पाहिलं. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन चांद्रवीर परतल्यावर आशियाच्या दौऱ्यावर निघाले होते. ३१ जुलैला ते दिल्लीत आले, तेव्हा यजमान हिदायतुल्ला होते. निवडणूक न लढवलेला एक न्यायाधीश राष्ट्रप्रमुख म्हणून निक्सनसमोर उभा होता. पाच वर्षांनी निक्सन पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्डही अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष म्हणून कधी निवडून आलेले नव्हते. फरक एवढाच, की फोर्ड अडीच वर्षं राहिले.

९ ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सही करून हिदायतुल्लांनी त्याचा कायदा केला. पुढे त्याच कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. अकरा न्यायमूर्तींच्या पीठापुढे सुनावणी झाली, त्या पीठावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला नव्हते. ज्या कागदावर आपली सही आहे, त्याचा न्याय आपण कसा करायचा? १९७० च्या फेब्रुवारीत न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. मला वाटतं, सरन्यायाधीशाला राष्ट्रपतीचं काम देण्यातली खरी अडचण इथे दिसते. सोय म्हणून ती व्यवस्था ठीक आहे, पण एकाच हातात शिक्का आणि तराजू फार दिवस राहू नयेत. पस्तीस दिवसांतच ही वेळ आली, तर सहा महिन्यांत काय झालं असतं!

१६ ऑगस्टला मतदान झालं. त्यात मराठी माणसाला आठवावं असं एक नाव होतं: चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा देणारे अर्थमंत्री. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षानं त्यांना उभं केलं होतं. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ इतकी मतमूल्यं मिळाली. कोटा होता ४,१८,१६९. कुणीच तिथवर पोचलं नाही, मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. मागे पडलेल्यांची, म्हणजे मुख्यतः देशमुखांची, बरीचशी मतं रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचून निवडून आले. कोट्याच्या जेमतेम वर. इंदिराबाईंनी खासदार-आमदारांना अंतरात्म्याचा कौल ऐकायला सांगितलं होतं. तो ऐकण्यात काँग्रेस मात्र वर्ष संपायच्या आत दुभंगली.

२४ ऑगस्टला गिरी राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला आपल्या न्यायासनावर परतले. १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती झैलसिंग हृदयशस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा पुन्हा काही आठवडे तीच खुर्ची त्यांच्याकडे आली. पहिल्यांदा सरन्यायाधीश म्हणून, दुसऱ्यांदा उपराष्ट्रपती म्हणून. आमच्या शाळेच्या यादीत मात्र त्यांचं नाव नव्हतं. निवडून आलेलेच धरायचे, असा हिशेब असावा. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांच्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळ हे काम पाहणारे बी. डी. जत्तीही त्या यादीत नव्हते. जमखंडीचे हे गृहस्थ कायदा शिकले ते कोल्हापुरात.

१९६९ चा तो कायदा त्यानंतर वापरावा लागलेला नाही. पण तो जागा असतो. २१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी अचानक राजीनामा दिला. हंगामी उपराष्ट्रपती अशी सोय घटनेत नाही. राज्यसभा उपसभापतींनी चालवली आणि १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांनी शपथ घेतली, तोवर ते पद रिकामंच होतं. राधाकृष्णन तिथे गेले ते मुंबईच्या राजभवनातून. मधल्या साडेसात आठवड्यांत राष्ट्रपती भवनात काही विपरीत घडलं असतं, तर त्या छोट्याशा कायद्यानं सरन्यायाधीशांना बोलावणं धाडलं असतं. त्या वेळी सरन्यायाधीश होते भूषण गवई. अमरावतीचे, आणि वकिली केलेली नागपूरला.