पर्वणीच्या दिवशीची गल्ली

नाशिकला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे निघालात, की वाटेत सरदार चौक लागतो. तिथला उतार आणि रस्त्याची अरुंद बोळवजा रुंदी एकदा पायांना जाणवली, म्हणजे सिंहस्थातल्या रस्ताबंदीचा निम्मा इतिहास समजतो. ही पंचवटीची जुनी वस्ती. नदीपर्यंत पोहोचायचे तर कोणाच्या तरी दारावरूनच जावे लागते. एरवी यात त्रास कसला? येणारा यात्रेकरू हाच इथला पाहुणा आणि त्याच्यावरच गल्लीची चूल पेटते. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत, ती उगाच नाहीत.

२७ ऑगस्ट २००३ रोजी श्रावण अमावास्येची पर्वणी होती. आखाड्यांच्या मिरवणुकीसाठी भाविकांना अडथळ्यांमागे थोपवून धरले होते. मागून लोंढा वाढत राहिला आणि उतारावर माणसांवर माणसे पडली. ३९ जीव गेले. मिरवणुकीतून नाणी उधळली गेली आणि ती वेचायला लोक वाकले, अशीही चर्चा तेव्हा झाली. चौकशीसाठी रमणी आयोग नेमण्यात आला. पण ज्यांच्या दारासमोर हे घडले, त्यांना अहवालाची वाट पाहावी लागली नाही. उतारावरची गर्दी काय करते, हे त्यांनी पाहिले होते.

त्यामुळे २०१५ च्या सिंहस्थात पोलिसांनी धास्ती घेतली, यात नवल नाही. २९ ऑगस्टला पहिली पर्वणी होती. गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबल्या, रस्त्यारस्त्यांवर बॅरिकेड्स लागली. योगायोग असा, की तीच नारळी पौर्णिमा होती. राखी बांधायला जायचे तर बहिणीने पंचवटीतून गंगापूर रोडला पोहोचायचे कसे? दूध, औषध, दवाखाना, सगळ्यालाच अडथळा. घरात कोंडून घातल्यासारखे झाले, अशी ओरड रहिवाशांनी केली. दुकानदारांची तक्रार निराळी होती. वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिली, त्याच दिवशी गिऱ्हाईक नाही! भाविकांना मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली, आणि लाखोंच्या अंदाजांच्या मानाने आले थोडेच.

टीका चहूकडून झाली. मला मात्र इथे पोलिसांची बाजूही थोडी घ्यावीशी वाटते. २००३ नंतर ढिलाई दाखवायची कोणी? त्यांची चूक बंदीची नव्हती, सरसकट बंदीची होती. सरदार चौकाच्या उताराला जो नियम, तोच दूरच्या रुंद रस्त्याला कशासाठी? शिवाय इथला रहिवासी म्हणजे नुसती गर्दी नव्हे. कोणती गल्ली कुठे निघते, कोणत्या वाड्यातून मागल्या दाराने पलीकडे जाता येते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुढे निर्बंध सैल झाले. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला, रविवारी, माणसांचा महापूर लोटला आणि २००३ सारखे काही घडले नाही. तिसरी पर्वणी होती १८ सप्टेंबरला, ऋषिपंचमीची. आदल्याच दिवशी घरोघरी गणपती बसले होते. म्हणजे स्नानाला येणारे भाविक आणि दीड दिवसाच्या गणपतीला निरोप द्यायला निघालेली घरची माणसे, दोघांनाही एकाच दिवशी गोदावरी गाठायची होती.