बार्बारो : जोडलेला पाय आणि हरलेला घोडा

१/ २० मे २००६. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर प्रीकनेस शर्यत सुरू झाली आणि काही क्षणांतच बार्बारोचा उजवा मागचा पाय मोडला. दोनच आठवड्यांपूर्वी त्याने केंटकी डर्बी जिंकली होती. जॉकी एडगर प्राडो याने त्याला तत्काळ थांबवले. पण घोट्याखालच्या एका हाडाचे २० हून अधिक तुकडे झाले होते.

२/ अशा घोड्याला जागीच मरण देण्याची प्रथा जुनी. ती निव्वळ निष्ठुरता नव्हती. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात स्नायू जवळजवळ नसतातच. रक्तपुरवठा तोकडा असल्याने हाडात वा सांध्यात जंतूंनी एकदा ठाण मांडले, की रक्तावाटे दिलेले औषध तेथवर पुरेसे पोहोचत नाही.

३/ दुसऱ्याच दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डीन रिचर्डसन यांनी धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवून पाय जोडला. शुद्धीवर येताना धडपडून तो पुन्हा मोडू नये, म्हणून बार्बारोला कोमट पाण्याच्या हौदात तराफ्यावर जागे करण्यात आले.

४/ जुलैमध्ये जंतुसंसर्गाने डोके वर काढले. धातूवर जमलेल्या जंतूंच्या थरापुढे औषध दुबळे ठरते; पट्टी बदलावी लागली. अशा संसर्गावर पशुवैद्य सांधा निर्जंतुक द्रावणाने धुतात, पायाला वरून पट्टा आवळून शिरेतून दिलेले औषध त्याच भागात कोंडतात, किंवा प्रतिजैविक मिसळलेले मणी जखमेत ठेवतात.

५/ खरा घात मात्र दुसऱ्या पायाने केला. घोडा महिनोन्‌महिने आडवा पडून राहू शकत नाही. एक पाय दुखू लागला, की त्याचा भार जोडीच्या पायावर येतो. त्या खुराचा रक्तप्रवाह बिघडतो आणि खुराचे कवच आतल्या हाडापासून सुटू लागते. हाच लॅमिनायटिस. बार्बारोच्या डाव्या मागच्या खुराचे सुमारे ८० टक्के कवच काढावे लागले.

६/ नोव्हेंबरात उजव्या पायाचे प्लास्टर निघाले. मोडलेली हाडे जुळली होती. जानेवारीत मात्र डावा खूर पुन्हा बिघडला, उजव्या खुरात गळू झाले आणि पुढचे दोन्ही पायही लॅमिनायटिसने ग्रासले. उभे राहायला एकही निरोगी पाय उरला नाही. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण देण्यात आले.

७/ आठ महिन्यांच्या या झुंजीने जुनेच सत्य जगासमोर आणले : घोड्याच्या एका सांध्यातील संसर्ग हा चारही पायांचा आजार असतो. म्हणून दुखऱ्या पायाइतकीच निगा पहिल्या दिवसापासून धडधाकट पायाचीही राखावी लागते.