बॅ. नाथ पै यांचे घटनादुरुस्ती विधेयक : विरोधी बाकावरील संसदीय कार्याचा एक अभ्यास

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर भारताच्या संसदीय इतिहासात विरोधी पक्षातील तरुण सदस्यांच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा त्यांच्या वक्तृत्वावरून केले जाते. वेंगुर्ले येथे १९२२ साली जन्मलेले बॅ. नाथ पै हे याचे ठळक उदाहरण होय. प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै १९५७ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ व १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. तथापि, त्यांच्या संसदीय कारकिर्दीचे खरे महत्त्व त्यांनी मांडलेल्या एका खासगी विधेयकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विधेयकाची पार्श्वभूमी :
२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने निकाल दिला. संसदेला यापुढे मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. १९५१ व १९६४ मधील निकालांत न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली होती. संसदेचा हा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी नाथ पै यांनी त्याच वर्षी लोकसभेत विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडेही गेले.

लोकसभेत त्यांच्या पक्षाचे अवघे १३ सदस्य होते. घटनादुरुस्तीसाठी मात्र उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत आवश्यक होते. शिवाय, संसदेचा अधिकार वाढला असता तर त्याचा प्रत्यक्ष लाभ सत्ताधाऱ्यांनाच मिळाला असता. तरीही एका विरोधी सदस्याने हा आग्रह धरला, याचे कारण पक्षहितात नव्हे, तर संसदेकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीत शोधावे लागते.

मूल्यमापन :
डिसेंबर १९७० मध्ये चौथी लोकसभा विसर्जित झाली, तोपर्यंत विधेयक संमत झाले नव्हते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधी सरकारने २४ व्या घटनादुरुस्तीद्वारे तोच अधिकार संसदेस दिला. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने ही दुरुस्ती वैध ठरविली. मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने ही मर्यादा झुगारण्याचा प्रयत्न झाला. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने तो रद्दबातल ठरविला.

निष्कर्ष :
उपरोक्त घटनाक्रमावरून असे दिसते की, नाथ पै यांचे तत्त्व न्यायालयाने अखेर अंशतः मान्य केले. संसद घटनेतील कोणतीही तरतूद दुरुस्त करू शकते, हे त्यांचे म्हणणे टिकले. परंतु बहुमत स्वतःला आवर घालीलच, ही खात्री आणीबाणीने उरू दिली नाही. म्हणून या विधेयकाकडे अपयशी प्रयत्न म्हणून न पाहता, पुढील घटनात्मक वादाची दिशा ठरविणाऱ्या टप्प्यांपैकी एक म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल. विरोधी सदस्याचे कर्तृत्व संमत विधेयकांच्या संख्येवर मोजता येत नाही, हेच यावरून स्पष्ट होते.